दोन थांब

आमच्या घरात एक बिडाचा पॅन आहे. मामाने बोटीवरून आणलेला. तो कुठल्या बंदरातून आणला याच्या मामाकडे दोन-तीन हकिगती होत्या आणि त्या एकमेकींशी कधी जुळल्या नाहीत. पॅन मात्र खरा. दांडा आखूड आणि चटका देणारा, तळाला कुठल्याशा कारखान्याची झिजून गेलेली अक्षरं, आणि वजन असं की उचलताना दुसरा हात आपोआप पुढे येतो. मामा विलायती कंपनीच्या मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. तो समुद्रावर असायचा तेव्हा आई त्या पॅनवर घावनं घालायची. तो सुट्टीवर आला की पॅन त्याच्या ताब्यात जायचा, कारण त्यावर चॉप व्हायचे.

१९८० चा नाताळ मला नीट आठवतो. मी अकरा वर्षांचा होतो. वसईतलं आमचं वाडीतलं घर, स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात चूल, तिच्यावर इंदियालचं भलं मोठं पातेलं सकाळपासून रटरटत होतं. दुसऱ्या कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याच्यासमोर पाटावर उकिडवा बसलेला मामा. पॅनमध्ये चार चॉप. मामाने त्यातला एक बोटाने दाबला, मग स्वतःच्या अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून पाहिला, मान हलवली आणि हवा सोडायला स्टोव्हच्या चावीकडे हात नेला. मागून आई ओरडली, "थांब!" आईची बाजू घेणारा मी लगेच स्टोव्हला पंप मारायला वाकलो. मामा माझ्यावर ओरडला, "थांब!"

एकाच क्षणी, एकाच शब्दात, दोन उलट हुकूम. आईचा थांब म्हणजे 'एवढ्यात काढू नकोस, अजून शिजू दे.' मामाचा थांब म्हणजे 'पुरे झालं, आता आग नको.' मी दोघांच्या मध्ये पंपावर अंगठा ठेवून तसाच राहिलो.

मराठीतला हा शब्द मोठा लबाड आहे. पाऊस थांबला तर गेला. पाहुणा थांबला तर राहिला. त्या दिवशी जिंकला मामा, पण मिनिटभरच. त्याने हवा सोडली, स्टोव्ह फुस्स करून विझला, चॉप ताटात आले. आईने एकाला सुरी लावली. आतून गुलाबी. आईने एक अक्षर न बोलता चारही चॉप उचलले आणि चुलीवरच्या इंदियालमध्ये बुडवले. मामाने चावी घट्ट केली, हात धुतले आणि जेवताना तोच रस्सा ओरपून खाल्ला. भांडण झालं नाही. त्यांच्यात ते कधीच झालं नाही. पुढची पंचवीस-तीस वर्षं दर सुट्टीत तोच प्रयोग व्हायचा आणि शेवट तोच, पातेल्यात.

आमच्या भाषेत डुकराच्या मांसाला स्वतःचं नाव नाही. मेंढीच्या मांसाचं इंग्रजी नाव आपण घेतलं, त्याचं मटण केलं, आणि तेच डुकराला जोडून 'डुकराचं मटण' म्हणतो. 'डुक्कर' म्हटलं की आधी शिवी आठवते. देवाने अवतार घेतला तेव्हा त्यालाही 'वराह' असा संस्कृत सदरा चढवावा लागला. शाळेत डबा उघडताना मी कधी 'मटण' एवढंच सांगायचो, कधी काहीच नाही. घरात मात्र तो सणाचा मान होता. पोर्तुगीज १५३४ ते १७३९ अशी दोनशे पाच वर्षं वसईत होते. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर ते गेले, आणि मागे चर्चं राहिली, पाव राहिला, सिरक्यात मांस मुरवायची रीत राहिली. गोव्यात त्या रीतीतून विंदालू झालं, आमच्याकडे इंदियाल. सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, हळद, सगळं ताडीच्या सिरक्यात वाटायचं आणि मांसाला चोळून रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी शिजवायचं. किती वेळ, हा प्रश्न आईला कुणी विचारत नसे. हाड धरून हलवलं की मांस आपणहून सुटलं पाहिजे, हीच तिची परीक्षा. त्याआधी पातेल्याचं झाकण काढणाऱ्याच्या हातावर पळी बसायची.

हे डुक्कर कुठलं, तर आळीतलंच. नाताळच्या आदल्या दिवसांत चार-पाच घरं मिळून एक जनावर घ्यायची आणि केळीच्या पानांवर वाटे घालायची. त्या जनावराने वर्षभरात काय काय खाल्लं याचा हिशेब कुणी ठेवलेला नसे, आणि ठेवला असता तर कुणाला घास गेला नसता. तेव्हा आईच्या थांबमागे निव्वळ हट्ट होता असं मला म्हणता येत नाही. तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. तिच्याकडे आग होती आणि वेळ होता. शंका आली की ती आणखी एक लाकूड सारायची.

मामा २००९ मध्ये गेला. पॅन माळ्यावर गेला, कारण आईच्या मनगटांना तो पेलेनासा झाला होता आणि घावनांसाठी नॉनस्टिक आलं होतं. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी तो खाली काढला. गंजून तांबडा झाला होता. घासला, तेलाचं बोट फिरवून तापवला, पुसला, पुन्हा तेल, पुन्हा आग. आठवड्याभराने तो काळा झाला आणि मी ठरवलं की आता चॉप.

पहिले चॉप इतके वातड झाले की मी ते मांजराला टाकले. मांजराने हुंगले आणि माझ्याकडे पाहिलं. चूक कुठे झाली ते शोधताना लक्षात आलं की मी आईच्या परीक्षेने मामाचा पदार्थ करत होतो. हाडाने मांस सोडेपर्यंत थांबलो होतो, आणि चॉपचं हाड मांस सोडतच नाही. कितीही शिजवा, ते आणखी घट्ट धरून बसतं.

त्यामागचं कारण साधं आहे, पण ते कळायला मला वयाची पन्नाशी ओलांडावी लागली. इंदियालला आपण खांदा घेतो, पोटाकडचा चरबीचा भाग घेतो. डुक्कर दिवसभर चालतं, मुसंडी मारून जमीन उकरतं, त्या सगळ्या कष्टाचा भार खांद्यावर. अशा स्नायूत चिवट जाळी भरपूर. ती जाळी ऐंशी-नव्वद अंशांवर तासन्‌तास राहिली की विरघळते, तिचा चिकट रस होतो, आणि मांस रसरशीत लागतं. चॉप म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा, बरगडीजवळचा तुकडा. पाठीचा तो स्नायू फारसं काम करत नाही. त्याच्यात विरघळायला जाळी नाही आणि मुरायला चरबी नाही. त्याला पन्नास अंशांच्या आसपास पहिली मिठी बसते, मांस घट्ट होऊ लागतं, अजून पाणी आतच असतं. पासष्ट ओलांडले की तंतूंभोवतीची आवरणं आक्रसतात आणि ओलं फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर येतं. त्यानंतर तुम्ही कितीही वेळ दिलात तरी ते पाणी परत जात नाही. म्हणजे एकाच जनावराच्या दोन भागांचे दोन स्वभाव. एकाला धीर लागतो, दुसऱ्याला वेळेवरचा निरोप.

त्यात अलीकडची फार्मची डुकरं आणखी रोड. अमेरिकेत तर १९८७ पासून 'दुसरं पांढरं मांस' अशी जाहिरात करून हे मांस कोंबडीच्या पंगतीला बसवण्यात आलं. कोंबडीसारखं दिसावं म्हणून चरबी घटत गेली, आणि चरबीबरोबर चूक पोटात घालायची ताकदही गेली. मामाच्या वेळचा चॉप दोन मिनिटं जास्त झाला तरी माफ करायचा. आताचा करत नाही.

राहिला प्रश्न गुलाबी रंगाचा. आई ज्याला भीत होती तो किडा खोटा नव्हता. १८३५ मध्ये लंडनमध्ये जेम्स पॅजेट नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी शवविच्छेदन पाहत होता. प्रेताच्या स्नायूंत पांढरे कण दिसले, ते त्याने भिंगाखाली धरले, तर प्रत्येक कणात वेटोळं घालून बसलेली अळी. ती तिथे येते कशी हे कळायला आणखी पंचवीस वर्षं गेली. १८६० मध्ये ड्रेस्डेनला फ्रीडरिश त्सेंकर या डॉक्टरने एका मोलकरणीच्या मृत्यूचा माग काढला आणि तो तिने खाल्लेल्या डुकराच्या मांसापर्यंत जाऊन पोचला. तेव्हापासून शिजवण्याची धास्ती पुस्तकांत छापली गेली. ही अळी, ट्रिकिनेला, अठ्ठावन्न-एकोणसाठ अंश सेल्सियसला मरते हे पुढे ठाऊक झालं, तरी अमेरिकेचा सरकारी आकडा कित्येक वर्षं एकाहत्तरच होता. मे २०११ मध्ये तिथल्या कृषी खात्याने तो अख्ख्या तुकड्यांसाठी त्रेसष्टवर आणला, आणि सोबत एक अट घातली: आचेवरून काढल्यावर तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं. खिम्याला मात्र एकाहत्तरच, कारण खिम्यात बाहेरचं सगळं आत जातं.

मामा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तो जन्मभर ज्याच्यासाठी बोलणी खात आला ते सरकारी कागदावर आलं आणि ते पाहायला तो नव्हता.

पण म्हणून आई हरली असंही नाही. त्रेसष्टचा आकडा हा तपासलेल्या, कोंडून वाढवलेल्या, ठरलेलं खाणं खाणाऱ्या डुकराचा आहे. आळीत मोकाट फिरणाऱ्या जनावराला तो लावायचा नसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्यांची डुकरं वेगळी होती. मामाचं डुक्कर बोटीच्या बर्फखोलीत शिक्के मारून यायचं, आईचं गल्लीतून हाकत यायचं. आजही ओळखीच्या दुकानातून, कुठल्या फार्मचं आहे ते विचारून आणलेलं नसेल, तर मी आईचाच नियम पाळतो.

आपल्याकडच्या डुकराची खरी धास्ती दुसऱ्याच किड्याची, पट्टकृमीची. त्याच्या अळ्या मांसात साबुदाण्यासारख्या दिसतात. तसं मांस कच्चं पोटात गेलं तर माणसाच्या आतड्यात लांबलचक कृमी वाढतो. तो त्रास देतो, पण जीवावरचं दुखणं त्याचं नव्हे. जीवावरचं दुखणं त्याच्या अंड्यांचं. ती त्या माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात, पाण्यात जातात, भाजीच्या मळ्यात जातात, न धुतलेल्या हाताला लागतात, आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात गेली की अळ्या रक्तातून थेट मेंदूपर्यंत पोचू शकतात. मग फिट येतात. म्हणजे ज्याने उभ्या जन्मात डुकराला शिवलं नाही, त्यालाही हे दुखणं कच्च्या कोबीतून होऊ शकतं. आणि मांस कितीही शिजवलं तरी त्या कोबीचं काही होत नाही. हे वाचलं तेव्हा मला थोडं हसू आलं होतं. शाळेतले डबे आठवले. पुढे ते हसू माझं मलाच टोचलं, त्याची गोष्ट शेवटी येईल.

गेल्या नाताळानंतरचा रविवार. कोल्ड स्टोरेजमधला पोरगा चॉप करवतीवर बोटभर जाडीचे कापतो. त्याला मी आता शिकवलं आहे, दोन बोटं जाड, हाडासकट, पाठीवरची चरबीची किनार ठेवून. पातळ चॉपचं बाहेरून तांबूस होईपर्यंत आतून भुसा होतो. घरी आणून मीठ चोळलं आणि रात्रभर फ्रिजमध्ये उघडेच ठेवले. मीठ आधी पाणी ओढतं, मग तेच खारं पाणी मांसात परत मुरतं आणि आतला ओलावा धरून ठेवायला मदत करतं. वरचा थर मात्र सुकतो, आणि तो सुकायलाच हवा. पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि जो खमंग तांबूस रंग आपल्याला हवा तो एकशे चाळीसच्या पुढेच धरतो. मायार नावाच्या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये त्या रंगाचं रसायन मांडलं, म्हणून जगभर ते त्याच्या नावाने ओळखतात. आमच्याकडे त्याला खमंग म्हणतात आणि कुणाचं नाव देत नाहीत.

पॅन गॅसवर पाच मिनिटं रिकामाच तापवला. आई खुर्ची ओढून ओट्याशी बसली होती. शहाऐंशीची आहे, पण स्वयंपाकघरात मी असलो की तिला बाहेरच्या खोलीत करमत नाही. तिने वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून पॅनवर शिंतोडा मारला. थेंब चुर्र होऊन मेले. "नाही झाला," ती म्हणाली. मिनिटाने पुन्हा. या वेळी थेंब मेले नाहीत. गोळ्या होऊन पाऱ्यासारखे पॅनभर पळत सुटले. "आता घाल." तापलेल्या लोखंडावर थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब तिच्यावर तरंगतो, हे लायडनफ्रॉस्टने १७५६ मध्ये लिहून ठेवलं. घावनं घालणाऱ्या बायकांनी ते कुठे लिहिलं नाही.

शेंगदाण्याचं तेल चमचाभर, आणि चॉप पॅनला टेकवले. जो आवाज झाला तो पाण्याचा. लीबिश या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास सांगितलं होतं की मांस आधी कडक आचेवर भाजलं की वर कवच येतं आणि रस आत कोंडतो. शंभरावर वर्षं आचारी ते घोकत राहिले. १९८४ मध्ये हॅरॉल्ड मॅगीच्या पुस्तकाने ते खोडलं. खरं तर खोडायला पुस्तकही नको, कान पुरेत. रस कोंडला असता तर पॅन गप्प बसला असता. तो चुरचुरतो आहे म्हणजे पाणी जातंच आहे. भाजायचं ते चवीसाठी, कोंडण्यासाठी नाही.

मी चॉप उभे केले, चिमट्यात धरून चरबीची किनार लोखंडाला टेकवली. ती हळूहळू पारदर्शक झाली, मग सोनेरी, आणि तिचं तूप सुटून पॅनमध्ये पसरलं. मग आडवे करून दर मिनिटाला उलटवत राहिलो. असं उलटवत राहिलं की दोन्ही बाजू बेताने तापतात आणि कडेला भुशाचा जाड थर धरत नाही. मामाही असंच करायचा आणि आई त्याला म्हणायची, "एका जागी राहू दे की त्याला, बोटीवर आहे का ते?" शेवटच्या दोन मिनिटांत लोणी, चार ठेचलेल्या लसूणपाकळ्या आणि हातावर चोळलेला चिमूटभर ओवा. बोटीवर मामा थाइमच्या काड्या घालायचा. वसईत तेव्हा थाइम कुठलं मिळायला? त्याने आईचे डबे हुंगत हुंगत ओवा शोधून काढला. थाइमला जो वास देतो तो थायमॉल ओव्यातही असतो, हे मला पुष्कळ नंतर वाचून कळलं. मामाला नाकाने कळलं होतं.

लोणी फेसाळलं, चमच्याने चॉपवर घालत राहिलो. थर्मामीटरची सुई बाजूने, हाडाला लागणार नाही अशी, मधोमध खुपसली. पंचावन्न. सत्तावन्न. साठ झाले तसा गॅस बंद केला. उरलेले तीन-चार अंश चॉप स्वतःच्याच उष्णतेने चढतो. तो ताटात काढला आणि मोबाईलवर तीन मिनिटं लावली.

"झालं?" आईने विचारलं.

"थांब जरा. तीन मिनिटं."

ती तीन मिनिटं मला एरवी जड जातात. हातात करायला काही नसतं. मांस उघड्यावर बसलेलं असतं आणि आत काहीतरी घडत असतं ते दिसत नाही. बाहेरची आच आत सरकत असते, आतला रस घट्ट होत असतो. आत्ताच कापलं तर तो सगळा ताटात वाहून जातो. आधी आगीपुरतं थांबायचं, मग भुकेपुरतं. मामाचा थांब झाला की आईचा थांब सुरू होतो, आणि चॉपला दोन्ही लागतात, याच क्रमाने. १९८० मध्ये ते दोघं एकाच वेळी ओरडले नसते तर कदाचित त्याच दिवशी चांगला चॉप झाला असता.

आईची नजर पॅनकडे होती. तळाला तांबूस खरवड धरली होती. भाताची असो, दुधाची असो, खरवड हा आमच्या घरात आईचा हक्क. तिने फडताळातून ताडीच्या सिरक्याची बाटली काढायला लावली, चमचाभर सिरका गरम पॅनमध्ये ओतला आणि कालथ्याने तळ खरवडायला लागली. आंबट वाफ नाकात गेली आणि एकदम चाळीस वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर उभं राहिलं. खरवडता खरवडता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली,

"तुझी मावशी आठवते का रे? फोटोतली?"

आईच्या पाठची बहीण. बाहेरच्या खोलीत तिचा फर्स्ट होली कम्युनियनचा फोटो आहे, पांढरा झगा, हातात मेणबत्ती. ती बाराव्या वर्षी तापाने गेली, एवढंच आम्हाला सांगितलेलं.

"तिला आकडी यायची," आई म्हणाली. "शेवटचं वर्षभर. एकदा तर चुलीसमोर पडली. दात असे घट्ट, की तोंडात चमचा जाईना. सगळे म्हणायचे, डुकराचे किडे डोक्यात गेले. कच्चं खाल्लं असणार कधीतरी. आजीने ते मनाला लावून घेतलं. वाढलं तिनेच होतं ना. त्यानंतर आमच्या घरात हाड सुटल्याशिवाय पातेलं उतरलं नाही." कालथा क्षणभर अडला. "तुझा मामा तेव्हा दोन वर्षांचा. त्याला काय ठाऊक?"

आजी गेली तरी नियम राहिला आणि आईकडे आला. मामाकडे आला नाही, कारण त्याने ते दात पाहिले नव्हते. तीस वर्षं दोघं एका रंगावरून अडून बसले आणि तो रंग प्रत्येकाला वेगळा दिसत होता.

मला कोबी आठवला. ती अंडी, ते पाणी, न धुतलेले हात. आकडीला इतर शंभर कारणं असतात हेही आठवलं. आजीने वाढलेल्या घासाचा त्यात बहुधा काही दोष नव्हता, हे मी सांगू शकलो असतो. पण ज्या बाईला ते ऐकायला हवं होतं ती जाऊन चाळीस वर्षं झाली होती. आणि आईने सत्तर वर्षं प्रत्येक पातेल्यापाशी पहारा दिला तो कशाविरुद्ध, हे मी तिला या वयात सांगायचं? मी गप्प राहिलो. मोबाईल कधीच वाजून गेला होता.

चॉप कापला. कडेला तांबूस पट्टी, मग पांढुरकं, मधोमध फिकट गुलाबी, कापलेल्या जागी ओल होती पण ताट कोरडं. जसा व्हायला हवा तसा. आईने पाहिलं, काही बोलली नाही. मी तिच्या वाट्याच्या फोडी उचलल्या, परत पॅनमध्ये सिरक्याच्या त्या दाट रसात सोडल्या आणि गॅस लावला.

"किती वेळ ठेवू?"

"मी सांगते."

थर्मामीटर ओट्यावर होता, मी त्याला हात लावला नाही. फोडी रसात खदखदू लागल्या, कडा आक्रसायला लागल्या. मी हाड सुटायची वाट पाहत उभा होतो, हे ठाऊक असून की चॉपचं हाड सुटत नाही. आई पुढे वाकून पॅनमध्ये बघत होती. एक फोड तिने कालथ्याने उलटली, दाबली, परत उलटली.

"थांब," ती म्हणाली.

माझा हात गॅसच्या बटणावर होता. इतक्या लवकर हा शब्द तिच्याकडून मी कधी ऐकला नव्हता, म्हणून आधी मला तो जुन्याच अर्थाने ऐकू आला आणि मी हात मागे घेतला.

"अरे, बंद कर," आई म्हणाली. "वातड होईल."

मी गॅस बंद केला. हाडालगत अजून जराशी गुलाबी रेघ दिसत होती. आईने भाकरीचा तुकडा मोडला आणि आधी खरवड पुसून घेतली.